गोल्फ स्विंगमधलं शरीराचं रोटेशन

गोल्फमध्ये बॉल मारताना खेळाडूची कंबर, छाती आणि खांदे पाठीच्या कण्याभोवती आधी मागे आणि मग टार्गेटच्या दिशेने फिरतात, या फिरण्याला रोटेशन म्हणतात, रेंजवर (सरावाच्या मैदानावर) नुसतं 'टर्न'. ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, म्हणजे काठीने) लांब शॉट मारायचा तर नुसत्या हातांच्या जोरावर तेवढा स्पीड निघत नाही, मांड्या, पोट, पाठ असे मोठे स्नायू कामाला लावायला लागतात आणि ते टर्नमधूनच लागतात. इथे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशोबाने लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचावं.

फिरतं नेमकं काय

'कमरेतून फिर' हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात जास्त घोळही तोच घालतो. कमरेचे पाच मणके फिरायला बनलेलेच नाहीत, सगळे मिळून एका बाजूला जेमतेम पाच-दहा अंश वळतात, त्यांचे सांधे पुढे-मागे वाकायला मोकळे पण पिळायला गेलं की एकमेकांवर अडतात. खरं फिरणं होतं ते त्यांच्या वर आणि खाली. वर बरगड्यांना जोडलेले १२ मणके, ते एका बाजूला साधारण ३०-३५ अंश देतात, आणि खाली दोन खुबे. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, पेल्विस (दोन्ही खुब्यांमधलं कटीचं हाड) उजव्या मांडीच्या हाडावर वळतो, डाउनस्विंगमध्ये, म्हणजे खाली येताना, डाव्या. त्यामुळे ज्याचे खुबे जाम आहेत (दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे आपण बहुतेक सगळेच) त्याला तिथे जागा मिळाली नाही की शरीर ती जागा कमरेतून चोरतं, आणि रविवारी राउंड खेळला की सोमवारी पाठ धरते.

दुसरी गोष्ट, खांदे जमिनीला समांतर फिरत नाहीत. बॉलपाशी उभं राहताना आपण खुब्यातून पुढे वाकलेले असतो, म्हणजे कणाच तिरका, आणि खांदे त्या तिरक्या कण्याला काटकोनात फिरतात. म्हणून बॅकस्विंगच्या टॉपला डावा खांदा हनुवटीखाली आलेला आणि जमिनीकडे रोखलेला दिसायला हवा. नवशिक्या माणूस नेमका इथे सरळ उभा होतो आणि सपाट फिरतो, त्याला वाटतं काय जबरदस्त टर्न झाला, पण बॉलपर्यंत परत पोचायला त्याला पुन्हा खाली वाकावं लागतं आणि एवढ्या वेळात ते जमणं म्हणजे नशिबाचा भाग.

बॅकस्विंग आणि एक्स फॅक्टर

टॉपला टूरवरच्या (व्यावसायिक स्पर्धा खेळणाऱ्या) खेळाडूंचे खांदे साधारण ९० अंश वळलेले असतात आणि हिप्स (म्हणजे पेल्विस) ४५ च्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या फरकाला अमेरिकन कोच जिम मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये 'एक्स फॅक्टर' म्हटलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं लोक हिप्स दाबून धरून खांदे ओढत बसले. पुढे मोजमापं जशी सुधारली तसं लक्षात आलं की टॉपला फरक किती आहे त्यापेक्षा डाउनस्विंग सुरू होताना तो अजून वाढतो का हे जास्त कामाचं, म्हणजे हिप्स पुढे वळायला लागलेत आणि खांदे अजून मागेच आहेत असा एक क्षण येतो, तिथे पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू लगेच आकसला की जास्त जोर देतो.

हिप्स दाबायचे की मोकळे सोडायचे यावर कोच लोकांमध्ये अजून भांडणं आहेत. जुन्या पद्धतीत, बॉबी जोन्सपासून जॅक निकलॉसपर्यंत, बॅकस्विंगला डावी टाच चक्क उचलली जायची, हिप्स भरपूर फिरायचे. नंतर टाच जमिनीवर चिकटली. पन्नाशी ओलांडलेल्या हौशी माणसाने टाच उचलावी असं माझं स्पष्ट मत आहे, बॅकस्विंग पूर्ण होतो आणि कमरेवरचा भार कमी होतो.

डाउनस्विंग: क्रम

बॅकस्विंगला पाऊण सेकंद लागत असेल तर खाली येताना पाव सेकंद लागतो, म्हणजे टूरवर ढोबळमानाने तीनास एक. त्या पाव सेकंदात विचार करून काही बदलता येत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. आधी वजन डाव्या पायावर यायला लागतं, तेही बॅकस्विंग पुरता संपायच्या आधी, मग पेल्विस, मग छाती, मग हात, सगळ्यात शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपल्या सर्वोच्च वेगाला पोचतो आणि मंदावतो, आणि तो मंदावताना पुढच्याला वेग मिळतो. चांगल्या खेळाडूंमध्ये पेल्विस सेकंदाला ४५०-५०० अंशांच्या आसपास फिरतो, छाती ७०० च्या, आणि क्लब २००० च्या वर. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात त्यात मूठ छोट्याशा गोलात फिरते आणि दगड सुसाट जातो, तसंच हे.

पेल्विसला ब्रेक लावतो तो डावा पाय. डाउनस्विंगच्या मध्यापर्यंत गुडघा वाकलेला असतो, मग तो पाय जमिनीला ढकलत सरळ होतो, डावा खुबा मागे आणि वर जातो. स्लो मोशनमध्ये बघायचं असेल तर पँटच्या डाव्या खिशावर नजर ठेवावी, इम्पॅक्टच्या (क्लब बॉलला लागण्याच्या) आधी तो मागच्या बाजूला खेचला जाताना दिसतो. जमीन घट्ट नसेल तर हे होतच नाही, ओल्या गवतावर स्पाइक झिजलेले बूट घालून ड्रायव्हर मारला की लगेच कळतं.

क्लबचा फेस (मारायची सपाट बाजू) बॉलला साधारण अर्धा मिलिसेकंद चिकटलेला असतो. त्या क्षणी हिप्स टार्गेटकडे ४० अंशांच्या आसपास उघडलेले असतात आणि खांदे त्याहून कमी. म्हणजे बॉलपाशी उभं राहतानाची पोझ आणि इम्पॅक्टची पोझ एक नसते, फोटो शेजारी ठेवले तर वेगळेच दोन माणूस वाटतात.

आता 'डोकं खाली ठेव'. डोकं फार सरकू नये हे बरोबर, पण शॉटनंतरही मान गच्च धरून ठेवली की छाती अडते आणि टर्न अर्धवट राहतो. आनिका सोरेनस्टॅम इम्पॅक्टच्या आधीच नजर टार्गेटकडे वळवायला लागायची, आणि २००१ मध्ये तिने एलपीजीए टूरवर (महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये) ५९ चा राउंड खेळला, म्हणजे अख्खे १८ होल ५९ फटक्यांत.

चुका

क्रम उलटला, खांदे आधी सुटले, की क्लब बाहेरून आत कापत येतो आणि बहुतेक वेळा बॉल उजवीकडे वळतो, हाच तो स्लाइस. मॅटवर पत्ता लागत नाही, गवतावर मात्र डिव्हट (क्लबने उकरलेला मातीचा खळगा) टार्गेटच्या डावीकडे तोंड करून पडलेला दिसतो. क्रिकेट खेळून आलेल्यांमध्ये अजून एक प्रकार दिसतो, मागच्या पायावर राहून मिडविकेटला उचलून मारल्यासारखा. फिरण्याऐवजी बाजूला सरकणं हा तिसरा. आणि चौथा म्हणजे हिप्स बॉलच्या दिशेने पुढे येणं, मग हातांना जागाच उरत नाही आणि बॉल क्लबच्या टाचेला (दांड्याजवळच्या कडेला) लागतो. यावर उपाय साधा, भिंतीला पाठ करून ढुंगण हलकं टेकेल असं उभं राहायचं, क्लब न घेता स्विंग करायचा, मागे जाताना उजवी बाजू भिंतीला घासली पाहिजे आणि पुढे येताना डावी, मधे भिंत सुटली तर चूक कळली.

प्रत्येकाचं शरीर वेगळं

स्पेनच्या जॉन रामचा उजवा पाय जन्मतः वाकडा होता, त्या घोट्यात हालचाल कमी, त्यामुळे त्याचा बॅकस्विंग आखूड आहे, पण खाली येताना हिप्स विलक्षण वेगाने उघडतात. त्याने २०२१ चं यूएस ओपन आणि २०२३ चं मास्टर्स, गोल्फमधल्या दोन मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. अमेरिकन खेळाडू जिम फ्युरिकचा क्लब मागे जाताना हवेत वेटोळं घालतो, कुठलाच कोच तसं शिकवणार नाही, पण खाली येताना त्याचं शरीर इतर चॅम्पियनांसारखंच फिरतं आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर (पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये) ५८ चा राउंड त्याच्याच नावावर लागला.

जोर लावून फिरण्याची किंमतही असते, आणि खालच्या पाठीचं दुखणं गोल्फरमध्ये फार कॉमन आहे. टायगर वुड्सवर पाठीच्या बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये मणके जोडण्याचीही, आणि त्यानंतर २०१९ चं मास्टर्स त्याने जिंकलं.

छोट्या शॉट्सना यातलं थोडंच लागू पडतं. चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा शॉट) मारताना छाती हाताबरोबर जराशी वळू द्यावी, नाहीतर मनगटं उचकायला लागतात. पटिंगला (बॉल जमिनीवरून होलकडे ढकलताना) मात्र हिप्स अजिबात हलवायचे नाहीत.