२,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनाच्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी दहा अंकी मूळ संख्या. मेर्सेन मूळ संख्यांत, म्हणजे दोनाच्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांत, ही आठवी. तिच्या आधीची ५,२४,२८७. ३१ हा घातांकही मेर्सेन मूळ संख्याच असल्याने तिला दुहेरी मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. अशा ज्ञात संख्या चारच आहेत. दोनाच्या ३० व्या घाताने तिला गुणले की आठवी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून इतर विभाजकांच्या बेरजेएवढी असणारी संख्या) मिळते.

तिचे मूळत्व प्रथम केव्हा सिद्ध झाले, याविषयी एकवाक्यता नाही. फ्रेंच गणिती मेर्सेन यांच्या अशा घातांकांच्या १६४४ च्या यादीत ३१ आहे; पण त्याच यादीत ६७ व २५७ चुकीने आले आहेत आणि ६१, ८९, १०७ गळले आहेत, तेव्हा तिला सिद्धतेचे मोल देता येत नाही. स्विस गणिती ऑयलर यांनी १७३२ च्या सुमारास ३१ चा उल्लेख केला, म्हणून काहीजण तेच वर्ष धरतात. परंतु त्यांनी सोबत ४१ व ४७ हेही घातांक दिले होते आणि ते दोन्ही चूक ठरले (४१ व्या घाताच्या संख्येस १३३६७ ने भाग जातो). शिवाय १७५२ मध्ये गणिती गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात ऑयलर स्वतःच साशंक दिसतात. त्यामुळे बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रावरून येणारे १७७२ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

सिद्धतेतील युक्ती अशी : या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागून १ आणि ८ ने भागून १ किंवा ७ बाकी उरली पाहिजे. म्हणजेच २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३. वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे असल्याने तपासायच्या संख्या जेमतेम पावणेचारशे उरतात. त्यांतल्या संयुक्त संख्या गाळल्या की आणखी कमी. यांतला पहिला मूळ उमेदवार ३११. त्याने भागल्यास ३५ बाकी उरते. इतरांचीही हीच गत.

ज्ञात मूळ संख्यांत ती १८६७ पर्यंत सर्वांत मोठी होती, असे सामान्यतः मानतात; त्या वर्षी लांद्री यांची तेरा अंकी संख्या पुढे आली. १८५१ च्या सुमाराच्या लूफ यांच्या ९९९९९९०००००१ या संख्येला काही याद्या आधीचा मान देतात, पण त्या वेळी तिच्याविषयी शंका होती. पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये, आठव्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, असे लिहिले होते. १८७६ मध्ये ल्यूका यांनी १२७ व्या घाताची संख्या मूळ ठरवली, तिच्यातून आणखी मोठी परिपूर्ण संख्या मिळाली आणि ते विधान निकालात निघाले.

संगणकात ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन व ऋण दोन्ही साठवणाऱ्या) पूर्णांकाची ही कमाल मर्यादा आहे. १९७० च्या आरंभापासून अशा पूर्णांकात सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला तेथवर पोचतील. पुढच्या सेकंदाला मोजणी सर्वांत लहान ऋण संख्येवर उलटेल आणि त्यांत डिसेंबर १९०१ उगवेल.