मखराचा थर्माकोल की गुलाबी बोर्ड? फोमच्या कॅम्परआधीचा घोळ

ज्यांनी लहानपणी गणपतीचं मखर केलंय, त्यांना एक धडा कायमचा मिळालेला असतो. सोनेरी स्प्रे थेट थर्माकोलवर मारला की फस्स आवाज होतो आणि महिरपीला खड्डे पडतात. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये फोमचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर, म्हणजे तिथल्या हौशी मंडळींच्या भाषेत ‘फोमी’, करायला घेतला तर हाच धडा पुन्हा गिरवावा लागतो. फक्त या वेळी खड्डे महाग पडतात.

त्याआधी एका नावाचा घोळ निस्तरू. मराठीत नुसतं ‘फोम’ म्हटलं तर गादी आठवते. ती इथे नाही. इथला फोम घराच्या भिंतींना उष्णतारोधक म्हणून लावतात तो कडक बोर्ड, आणि आपल्या कामाच्या त्याच्या जाती दोन: पांढरा ईपीएस (एक्सपांडेड पॉलिस्टायरीन) आणि गुलाबी किंवा निळा एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन). अमेरिकन माणूस पांढऱ्या कॉफीच्या कपालाही सर्रास स्टायरोफोम म्हणतो, जे खरं तर डाऊ कंपनीने निळ्या एक्सपीएस बोर्डाला दिलेलं व्यापारी नाव. आपण उलटं करतो, गुलाबी बोर्ड दिसला तरी ‘रंगीत थर्माकोल’ म्हणून मोकळे होतो. आपला थर्माकोल म्हणजे ईपीएस, गुलाबी बोर्ड तो नव्हे.

रसायन मात्र दोन्हींत एकच, पॉलिस्टायरीन. फरक आहे तो कृतीत. ईपीएस म्हणजे राजगिऱ्याची वडी समजा. पॉलिस्टायरीनचे साखरेएवढे दाणे, पोटात पेंटेन वायू घेतलेले, वाफेवर फुगवतात. मग साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटतात आणि मोठा ठोकळा होतो. त्याच्या तारेने शीट कापतात. एक्सपीएस हा सोऱ्याचा प्रकार: वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाखाली फटीतून बाहेर पडतं आणि दाब सुटताच आतला वायू फुगतो. त्यात दाणे नाहीत, म्हणून दाण्यांमधल्या फटीही नाहीत. वरून गुळगुळीत साय धरलेली.

पुढचं जवळजवळ सगळं या फटींवरून ठरतं.

पाणी बघा. अमेरिकन मानक एएसटीएम सी-578 नुसार हलका ईपीएस (टाइप 1) घनफळाच्या 4 टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतो, एक्सपीएसला मुभा 0.3 टक्क्यांचीच. दाबाची ताकद त्याच टाइप 1 ची किमान 10 पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड), तर नेहमीच्या एक्सपीएसची (टाइप 4) 25. उष्णतेला अडवण्याचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू, ती दर इंचाला ईपीएसची साधारण 3.6 ते 4, एक्सपीएसची 5. आकडे वाचून गुलाबी बोर्ड सरळ जिंकला असं वाटतं. थांबा. ईपीएसही जास्त घनतेत मिळतो, आणि टाइप 9 चा ईपीएस तेच 25 पीएसआय सोसतो. शिवाय एक्सपीएसमधला वायू वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो, त्याची आर-व्हॅल्यू थोडी उतरते. म्हणून दुकानात रंगापेक्षा शीटवर छापलेला टाइप आधी वाचावा.

वजनाची काळजी दोन्हीकडे नाही. चार बाय आठ फुटांची दोन इंची शीट, पांढरी साधारण 2.3 किलो, गुलाबी 3.8. तेवढ्याच आकाराची 18 मिलिमीटर प्लायवूडची एक शीट तीस किलोच्या आसपास भरते. दहा पांढऱ्या शीट तिच्याहून हलक्या. लोक या भानगडीत पडतात ते यासाठीच.

कापताना मात्र स्वभाव कळतो. एक्सपीएस धारदार कटरने स्वच्छ कापला जातो, कानसही मानतो. ईपीएसला तापलेली नायक्रोम तार हवी. मखरवाल्यांकडे असते तीच. करवत लावलीत तर दाणे उधळतात, विजेच्या भाराने हाताला, दाढीला, कुत्र्याला चिकटतात आणि पुढल्या दिवाळीपर्यंत गॅरेजमध्ये सापडत राहतात. तरी ट्रेलरच्या पुढच्या नाकाचा मोठा गोलावा ठोकळ्यातून काढायचा असेल तर तारेखालचा ईपीएस लोण्यासारखा चालतो. तिथे मी गुलाबीचा हट्ट धरणार नाही.

चिकटवणं हे खरं दुखणं. ईपीएसच्या खरबरीत अंगाला गोंद धरतो. एक्सपीएसच्या सायीवरून तो सोलून निघतो. म्हणून आधी जाड सँडपेपरने साय घालवायची, वर प्लास्टिकची फिल्म असेल तर ती काढायची. दोन एक्सपीएस बोर्डांमध्ये पाण्यातला लाकूडगोंद लावून ठेवलात तर आठवड्यानेही मधोमध ओलाच सापडेल, कारण पाण्याला जायला वाट नाही. तिथे पॉलियुरेथेन गोंद लावतात. तो पाण्याच्या अंशावरच घट्ट होतो, त्यामुळे आधी बोर्डावर किंचित पाणी शिंपडतात.

आणि मखराचा धडा. अ‍ॅसिटोन, पेट्रोल, स्प्रेतले द्रावक दोन्ही फोमना सारखेच गिळतात, गुलाबी रंग काही वाचवत नाही. होड्या दुरुस्त करताना वापरतात ते पॉलिस्टर रेझिन तर नकोच, त्यात स्टायरीन असतं आणि ते पॉलिस्टायरीनला विरघळवतं. फायबरग्लास करायचाच तर इपॉक्सीवर. स्वस्तातला मार्ग म्हणजे जाडसर कॅन्व्हास, वर टाइटबाँड-2 हा लाकूडगोंद पाणी घालून, आणि त्यावर बाहेरच्या भिंतीचा लेटेक्स रंग. याला हौशी लोक गरिबाचा फायबरग्लास म्हणतात. कापड आकसून ताठ बसलं की डबा एकदम टणक होतो. ताण ते कातडं घेतं, फोम फक्त दोन कातड्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. अशा दोन कातडी आणि मधे फोम असलेल्या सँडविच पॅनेलचं सगळं गणित एवढंच.

त्यामुळे माझी वाटणी अशी. जमिनीला एक्सपीएस, कारण रस्त्याचं पाणी खालून उडतं. पण वर पातळ प्लाय हवाच, नाहीतर बिछाना लावताना गुडघा टेकला की खळगा. भिंती आणि छतालाही एक्सपीएस बरा. पांढरा गोलाव्याला, आतल्या कप्प्यांना, आणि खिशाला कात्री लागत असेल तर चांगलं कातडं चढवून भिंतींनाही. दरवाजाची बिजागरं, खिडकी, दिवे जिथे येतील तिथे फोम कोरून लाकडाचे तुकडे आधीच बसवायचे. स्क्रू दोन्हींपैकी एकातही धरत नाही.

रंग शक्यतो पांढरा. पॉलिस्टायरीन 75 अंश सेल्सियसच्या पुढे नरम पडू लागतं, आणि उन्हाळ्यात उभा केलेला गडद निळा ट्रेलर त्या आकड्याच्या फार जवळ जातो. आत गॅसची शेगडी कधीच पेटवायची नाही, आगीपुढे हे दोघेही सख्खे भाऊ. चहा बाहेर, मागचं झाकण वर करून, ट्रेलरपासून चार पावलं लांब.