मोठा वॉलाय नदीतच घडतो

वॉलाय हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या न्यू रिव्हर या नदीत २००० साली १५ पौंड १५ औंसांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा वॉलाय गळाला लागला आणि तो राज्याचा विक्रम ठरला. या नदीत आणि तिच्यावरच्या क्लेटर तलावात पूर्वी बाहेरून आणलेल्या वॉलायचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, सोडलं जाई. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय तपासणी झाली, तेव्हा कळलं की तलावाच्या वरच्या अंगाला नदीचा स्वतःचा वाण अजून तग धरून आहे. तेव्हापासून भर आला तो हाच वाण जपण्यावर.

वॉलायमध्ये मोठी होते ती मादी. नर लहानच राहतात. पाणी ५ ते १० अंशांवर आलं की मासे अंडी घालायला उथळ, वाहत्या, गोटाळ तळावर जमतात. नेमके तेव्हाच ते सहज सापडतात. म्हणून १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात याच नदीवरच्या बक धरणापासून क्लेटर धरणापर्यंत १९ ते २८ इंचांचा मासा ठेवून घ्यायला बंदी असते आणि दिवसाला दोनच मासे नेता येतात. लांबीच्या या टप्प्यात बहुतेक अंड्यावरच्या माद्या येतात. जूनपासून नियम सैल होतो: किमान २० इंच, दिवसाला पाच. वर्षभर नुसती किमान लांबी ठेवली असती, तर मादीने ती ओलांडताच ती टोपलीत गेली असती.

बीजनिर्मितीत खरी कसोटी पालक निवडताना लागते. पाण्यात विजेचा झटका देऊन मासे गुंगवून पकडतात, परांचा (पोहण्याच्या पंखांचा) बारीकसा तुकडा कापून तपासणीला पाठवतात आणि मूळ वाणाच्या खुणा सापडल्या तरच ती जोडी वापरतात. अंडी कोरड्या भांड्यात पिळतात, त्यावर नराचं मिल्ट, म्हणजे वीर्य, आणि मगच पाणी. आधी पाणी पडलं तर अंड्याचं सूक्ष्म छिद्र काही मिनिटांतच बंद होतं, आणि शुक्राणूही पाण्यात मिनिटभरच हालचाल करतात. अंडी चिकट असतात. बारीक चिकणमातीच्या पाण्यात ढवळली नाहीत तर गोळे होतात, आतल्या अंड्यांना प्राणवायू मिळत नाही, बुरशी धरते. दोनचार जोड्यांवरच भागवलं तर पुढची पिढी एकाच कुटुंबाची होते. पिल्लं तळ्यात फार दिवस ठेवली तर ती एकमेकांनाच खातात, म्हणून दीड-दोन इंचांची बोटुकली झाली की नदीत.

परका वाण सोडण्याची किंमत आपल्याकडेही ठाऊक आहे. लोणावळ्यात वाढवलेल्या निळ्या पराच्या महसीरचं बीज कावेरीत गेलं आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे पडला.

बंदी असूनही मासे १८-१९ इंचांवरच अडकले, तर कानातल्या हाडाची वलयं मोजावीत. वय जास्त निघालं तर खाद्य अपुरं आहे. त्या वर्षी सोडायच्या बोटुकलीचा आकडा खाली आणायचा.