कार्बन डायऑक्साइडवरची शंका सव्वाशे वर्षांची आहे

पेण-अलिबागच्या खारपट्टीत उधाणाच्या दिवशी भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून राखणाऱ्या बांधावर चार माणसं जमली की हा विषय निघतोच. कोणी म्हणतं, ध्रुवावरचा बर्फ वितळतोय म्हणून समुद्र चढतोय. लगेच दुसरा उत्तर देतो, "ग्लासातला बर्फ वितळून पाणी सांडतं काय? आणि हवेत कार्बन डायऑक्साइड असतो किती, दहा हजारांत चार भाग! समुद्र पुढे-मागे व्हायचाच. परशुरामाने नाही हटवला?" असं बोलणारा माणूस अडाणी नाही. भरती-ओहोटी त्याला तिथीवरून तोंडपाठ असते. त्याच्या प्रश्नांना नीट उत्तर द्यायला हवं, कारण हेच प्रश्न आधी शास्त्रज्ञांनी एकमेकांना विचारले होते.

1856 मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली. तीनच वर्षांनी जॉन टिंडल यांनी मोजून दाखवलं की नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे किरण जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे थोडेच वायू. 'दहा हजारांत चार'चं उत्तर इथेच आहे. उरलेल्यातल्या बहुतेक हवेचा या कामाशी संबंधच नाही. 1896 मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी गणित मांडलं: हा वायू दुप्पट झाला, तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज साधारण तीन अंशांचा आहे.

खरी शंका आली 1900 मध्ये, आणि ती वजनदार होती. क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी प्रयोगावरून म्हटलं, आहे तेवढा वायूच अडवायचे ते किरण अडवतो, आणखी घातल्याने फरक पडणार नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं बहुतेकांनी हेच खरं धरलं. गाय कॅलेंडर हा वाफेच्या यंत्रांचा इंजिनिअर 1938 मध्ये तापमानाच्या नोंदी घेऊन लंडनच्या हवामानतज्ज्ञांसमोर उभा राहिला, तेव्हाही या वायूमुळे पृथ्वी तापतेय हे त्यांना पटलं नाही. अखेर 1956 मध्ये गिल्बर्ट प्लास यांच्या गणिताने गाठ सुटली. उष्णता जमिनीपासून थेट अवकाशात जात नाही. थराथराने वर चढते आणि शेवटी उंचावरच्या विरळ, थंड हवेतून निसटते. वायू वाढला की हा निसटण्याचा थर आणखी वर, आणखी थंडीत जातो आणि तिथून उष्णता कमी बाहेर पडते. पहिल्या गोधडीने वारा अडला तरी दुसरीने ऊब वाढतेच, तसंच हे.

जास्तीचा वायू समुद्र पिऊन टाकेल, ही समजूतही 1957 मध्ये रेव्हेल आणि सूस यांनी खोडली. 1958 पासून चार्ल्स कीलिंग हवाईतल्या मौना लोआवर हवेतला हा वायू रोज मोजू लागले. तेव्हा दहा लाखांत 315 भाग होते, आता 420 च्या वर आहेत.

इथवरची शंका प्रामाणिक होती. नंतरची तशी राहिली नाही, याचा मला संताप येतो. 1977 मध्ये एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्याच शास्त्रज्ञाने कंपनीच्या वरिष्ठांना हा धोका सांगितला होता. तरीही 1989 मध्ये तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांनी 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' काढली आणि 2002 पर्यंत मिटलेले प्रश्न उकरत ठेवले.

आपल्याकडे शंकेला बळ मिळालं ते एका खऱ्या चुकीमुळे. हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, 2007 च्या अहवालात छापलं गेलं. 2009 च्या नोव्हेंबरात भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा वेगळं सांगणारा अहवाल जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरींनी तो झिडकारला, आणि 2010 च्या जानेवारीत आयपीसीसीलाच दिलगिरी व्यक्त करावी लागली. साल चुकलं होतं, वितळणं खोटं नव्हतं: हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 मध्ये आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगाने आटल्या.

सावित्री-कुंडलिकेला हिमनदीचं पाणी येत नाही. बर्फाचं आपलं नातं समुद्रातून आहे. ग्लासाचा दाखला तरंगत्या बर्फापुरता बरोबर. ग्रीनलंडचा बर्फ मात्र जमिनीवर आहे आणि तो सगळा गेला तर समुद्र सात मीटर चढेल. शिवाय तापलेलं पाणी फुगतं. 1901 पासून जगाचा समुद्र सरासरी 20 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर वर आला आहे.

बांध फुटतो तेव्हा खेकड्यांची बिळं आणि वर्षानुवर्षं न झालेली डागडुजीही कारण असते, हे कबूल. पण उघाडीपाशी, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दारापाशी, उभं राहून पाहा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने झडप उघडते, भरती आली की बाहेरचं पाणी ती दाबून बंद करतं. बाहेरचं पाणी वीतभर वर राहिलं की झडप उशिरा उघडते, लवकर मिटते, आणि तेवढा वेळ पावसाचं पाणी आत भातावर उभं राहतं.