चिठ्ठ्या नीट हलवल्या होत्या का?

मागच्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगची सोडत झाली, जागा १४ आणि गाड्या २१, मग भांडण नको म्हणून चिठ्ठ्या. सेक्रेटरी काकांनी ए विंगपासून सुरू करून एकेक नाव लिहिलं, घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकलं, झाकण लावून डबा दोनदा हलवला आणि कोणाच्या तरी नातवाला हात घालायला लावला. पोरगं वरच्यावर उचलणार ना! सी विंगच्या चिठ्ठ्या शेवटी पडल्या होत्या म्हणजे वरच होत्या, त्यांना मस्त जागा मिळाल्या आणि ए विंगला (म्हणजे आम्हाला) ठेंगा. लबाडी कोणीच केली नाही बरं का, तरी सोडत फेअर नव्हती.

हाच घोळ अमेरिकेने देशपातळीवर घालून ठेवलाय. १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं ते ठरवायला ३६६ कॅप्सूलमध्ये जन्मतारखा घालून सोडत काढली, ज्या क्रमाने तारीख निघेल तो तिचा नंबर. कॅप्सूल पेटीत महिन्याच्या क्रमाने भरलेल्या आणि मिसळल्या अर्धवट. पुढे १९५ व्या नंबरपर्यंत बोलावणं गेलं, त्यात डिसेंबरच्या ३१ पैकी तब्बल २६ तारखा होत्या, खरं तर १६-१७ यायला हव्या होत्या. इथे पार्किंग नाही, पोरं युद्धावर जात होती.

म्हणून बऱ्याच मोठ्या लॉटऱ्यांमध्ये हवेच्या झोताने चेंडू उडवणारं मशीन असतं. प्रत्येक टकरीत बारीकसा फरक पडतो, पुढच्या टकरीत तो वाढतो, आणि थोड्याच वेळात कुठला चेंडू कुठे असेल हे कोणालाच सांगता येत नाही. अट एकच, सगळे चेंडू सारखे पाहिजेत. १९८० मध्ये पेनसिल्व्हेनियात टीव्हीवर सोडत सांगणाऱ्या माणसानेच ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत रंग टोचून ते जड करवले, मग वर येणार फक्त ४ नाहीतर ६. तीन अंकी नंबराचे १००० पर्याय असतात ते उरले ८, आठही नंबरांची तिकिटं घेतली की झालं काम. आला ६६६! पण त्याच आठ नंबरांवर एवढी खरेदी कशी, यावरून संशय आला आणि मंडळी अडकली. म्हणून चेंडू वजन करून, कुलपात ठेवून, आज कुठला सेट वापरायचा तेही आयत्या वेळी ठरवतात.

बरं, नंतर आकडे तपासता येतात का? येतात की. एक अंक १००० सोडतींत साधारण १०० वेळा यायला पाहिजे. ११२ वेळा आला तर चहाच्या टपरीवर लगेच "सेटिंग आहे" सुरू होतं, पण इथे नुसत्या नशिबाचा चढउतारच साधारण ९-१० चा असतो, कधीकधी त्याच्या दुप्पटही, त्यामुळे ११२ मध्ये काही विशेष नाही. १४० वेळा आला तर मात्र मशीन उघडून बघा.

आपल्याकडे १९९८ चा लॉटरी कायदा आहे. (महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली १९६९ मध्येच, अमेरिकेच्या त्या सोडतीच्याच वर्षी, योगायोग!) तिकीट राज्याने छापायचं, त्यावर राज्याचा लोगो, सोडत राज्याने स्वतः आणि राज्यातच काढायची, नुसत्या एका अंकावर बक्षीस नाही, नाहीतर मटका आणि लॉटरीत फरक काय राहिला? मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे कोणी न नेलेलं बक्षीस राज्याचं होतं, म्हणजे मधल्या माणसाने विजेत्यापासून निकाल दडवून काही फायदा नाही.

कॉम्प्युटरने काढलं की प्रश्न मिटला असं वाटतं ना? अमेरिकेत एडी टिप्टन नावाचा माणूस लॉटरी संघटनेत चक्क सिक्युरिटीचा मुख्य होता, त्याने प्रोग्राममध्येच असा कोड घुसवला की वर्षातल्या ठराविक तारखांना येणारे नंबर आधीच हेरता यावेत. २०१० चं १ कोटी ६५ लाख डॉलरचं तिकीट त्याने स्वतः दुकानात जाऊन घेतलं, सीसीटीव्हीत दिसला, आणि २०१७ मध्ये २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. जड चेंडू तराजूवर पकडता येतो, कोड दुसऱ्या कोणीतरी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

आमच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं की पुढच्या वर्षी चिठ्ठ्या मोठ्या पातेल्यात घालू, तिन्ही विंगच्या एकेकाने हलवायच्या आणि व्हिडिओ काढायचा. सी विंगचं म्हणणं पडलं की दरवर्षी सोडत कशाला, आहे ते चांगलं चाललंय.