रेंज नसली तरी मोबाईलवर विज्ञान होतं

“रेंजच नाही तं मोबाईलचं काय लोणचं घालता का सर?” मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे विज्ञानाच्या तासाला मोबाईल वापरायचं म्हटलं की असं कुणीतरी म्हणतंच. मोबाईल म्हणजे व्हिडिओ आणि व्हिडिओ म्हणजे नेट, हा समज जुनाच. पण फोनमधल्या माइकला किंवा त्वरण मोजणाऱ्या सेन्सरला नेट लागतच नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप याच सेन्सरांचे आकडे दाखवतं. तालुक्याला गेल्यावर एकदा उतरवून घ्यायचं, झालं.

ध्वनीचा वेग घ्या. पटांगणात 5 मीटर अंतरावर दोन फोन ठेवा, दोन्हींवर आवाजाने चालू-बंद होणारं स्टॉपवॉच लावा. पहिल्या फोनजवळच्या पोराने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू, पण लांबचं जरा उशिरा, आवाज पोचल्यावर. दुसऱ्याजवळच्या पोरीने वाजवली की बंद, आता पहिलं जरा उशिरा. दोन्ही वेळांत साधारण 0.028 सेकंदांचा फरक येतो. तेवढ्या वेळात आवाजाने जाऊन-येऊन 10 मीटर कापले. भागाकार करा: सेकंदाला सुमारे 357 मीटर.

पुस्तकात तर 343 आहे! तेही बरोबरच, पण तो 20 अंश तापमानाचा आकडा. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पारा 42 ला असतो, आणि दर अंशामागे आवाज सुमारे 0.6 मीटरने जोरात पळतो.

खरी अडचण कोंबड्यांची. मध्येच एखादा आरवला की घड्याळ बंद! टाळीपेक्षा स्टीलच्या ताटलीवर चमचा मारलेला बरा.