उडून जाणारा युरिया आणि तो अडवणाऱ्या पुडीचा धंदा

खतातलं नत्र वाया जाऊ नये म्हणून युरियात मिसळायच्या औषधांची जगभर मागणी वाढतेय, बाजार इतक्या अब्ज डॉलरवर जाणार, असे मार्केट रिपोर्ट हल्ली सारखे फिरत असतात. ते फिरत फिरत आपल्याकडच्या कृषी केंद्राच्या काउंटरवर येईपर्यंत त्याचं एकच वाक्य उरतं, "हाई पुडी टाका भो, निम्मा युरिया वाची जास". आता पुडीत काय आहे, ती नत्राचा कुठला रस्ता अडवते, आणि आपल्या शेतात नत्र त्याच रस्त्यानं जातंय का, हे ना विकणारा सांगत ना घेणारा विचारत. म्हणून हा लेख. मधे थोडी केमिस्ट्री येईल, तेवढी सोसा.

आधी एक गैरसमज काढू. लोक म्हणतात युरिया उन्हात उडतो. युरिया उडत नाही हो. गोणी गोडाऊनमध्ये वर्षभर पडू द्या, दमट हवेनं दगड होईल पण उडणार नाही. उडतो तो अमोनिया, आणि तो युरियापासून बनायला पाणी लागतं आणि एक एन्झाइम लागतं, म्हणजे सजीवातला रासायनिक काम झपाट्यानं उरकून देणारा पदार्थ, युरिएज नावाचा. नुसत्या ३८ अंशाच्या पाण्यात युरिया विरघळवून ठेवला तर त्यातला अर्धा आपोआप फुटायला साडेतीन वर्षांच्या आसपास लागतात. तोच युरिया ओल्या मातीत पडला की दोन-चार दिवसात संपतो. युरिएज हे काम साधारण शंभर लाख कोटी पट वेगानं करतं, म्हणजे एकावर चौदा शून्य. शरीरात किंवा मातीत जी एन्झाइमं आहेत त्यातलं हे सगळ्यात चपळ मंडळींपैकी एक.

आणि ते असतं कुठे, तर सगळीकडे. मातीतल्या जिवाणूंमध्ये, बुरशीत, शेणात, पिकाच्या पालापाचोळ्यात, सोयाबीनच्या दाण्यात, कलिंगडाच्या बीमध्ये. गोठ्यात सकाळी नाकाला जो झोंबणारा वास येतो तो हाच उद्योग, गोमूत्रात युरिया असतो आणि शेणात युरिएज, दोघं एकत्र आले की अमोनिया. माणसाच्या पोटात अल्सर करणारा जो जिवाणू आहे तोसुद्धा हेच एन्झाइम वापरून स्वतःभोवती अमोनिया करतो आणि आम्लात जिवंत राहतो, डॉक्टर जी फुंकर मारायची टेस्ट करतात ती ह्याच्यावरच चालते. विषय भरकटतोय, पण हे एन्झाइम आहेच असं की त्याच्यावर बोलायला लागलं की थांबवत नाही.

१९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर नावाच्या माणसानं जॅक बीन नावाच्या शेंगेच्या पिठातून युरिएजचे स्फटिक काढले. ह्या माणसाचा डावा हात शिकारीच्या अपघातात सतराव्या वर्षीच गेलेला, आणि तो मूळचा डावखुरा. नऊ वर्षं तो ह्याच्या मागे होता. त्या काळचे मोठे मोठे केमिस्ट म्हणायचे एन्झाइम प्रोटीन असूच शकत नाही, समनरनं स्फटिक समोर ठेवले आणि सांगितलं हे घ्या, प्रोटीनच आहे. जगातलं स्फटिकरूपात मिळालेलं पहिलं एन्झाइम हे, १९४६ ला त्याबद्दल नोबेलमध्ये वाटा मिळाला. मग १९७५ मध्ये कळलं की ह्या प्रोटीनच्या पोटात निकेल धातू आहे. निकेल! सजीवात निकेल काय करतंय हा प्रश्नच होता तेव्हा. प्रत्येक कामाच्या जागी निकेलचे दोन अणू शेजारी शेजारी बसलेले असतात, युरियाचा रेणू त्या दोघांमध्ये येऊन अडकतो, पाण्याचा एक तुकडा त्याच्यावर आदळतो आणि रेणू फुटतो. एक अमोनिया लगेच सुटतो, उरलेला तुकडा आपोआप मोडून दुसरा अमोनिया आणि कार्बोनिक आम्ल देतो.

आता खरी गंमत. अमोनिया पाण्यात दोन रूपात राहतो, एक अमोनियम, ज्याच्यावर धन प्रभार असतो, आणि दुसरा नुसता अमोनिया वायू. अमोनियमला आपली काळी माती धरून ठेवते कारण चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. वायूला कोणी धरत नाही. कोण किती हे ठरवतो पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, जितका जास्त तितकं अल्कली. ९.२५ पीएचला दोघं निम्मे निम्मे. एक आकडा खाली, ८.२५ ला, वायू साधारण ९ टक्के. अजून एक खाली, ७.२५ ला, फक्त १ टक्का. आपल्या तापीकाठच्या चुनखडीच्या काळ्या जमिनी बहुतेक ८ च्या वरच आहेत, माती परीक्षणाचा कागद काढून बघा. त्यात युरिया फुटताना हायड्रोजन आयन खाऊन टाकतो, म्हणून दाण्याभोवतीच्या दोन-चार सेंटीमीटरमध्ये पीएच अजून चढतो, ९ च्या आसपास जातो. आणि तापमान वाढलं की हे पारडं आणखी वायूकडे झुकतं, एन्झाइमही जोरात चालतं. म्हणजे चुनखडीची जमीन, वर उघड्यावर फेकलेला युरिया, जेमतेम ओल आणि खानदेशचं ऊन, चारही गोष्टी एका बाजूला. एकदा वायू झाला आणि तो वरच्या वर असला की गेला. जगभरच्या प्रयोगात उघड्यावर टाकलेल्या युरियाचं नत्र असं १५-२० टक्के सहज गेलेलं दिसतं, परिस्थिती वाईट असली तर ४० सुद्धा.

पुडीचा पहिला प्रकार इथे काम करतो. त्यातलं प्रसिद्ध औषध म्हणजे एनबीपीटी. हा रेणू युरियासारखा दिसतो, फक्त मधे कार्बनऐवजी फॉस्फरस आणि ऑक्सिजनऐवजी गंधक. मातीत गेल्यावर गंधक निघून तिथे ऑक्सिजन येतो आणि मग तो खरा कामाचा होतो. गुलाबी बोंडअळीसाठी आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो ना, नर पतंग ल्यूरला मादी समजून येतो आणि आत अडकतो, तसंच, युरिएज ह्याला युरिया समजून जवळ घेतं आणि तो दोन्ही निकेलला असा चिकटून बसतो की सुटत नाही. एन्झाइम मरत नाही, फक्त गुंतून पडतं. एका गोणीच्या युरियाला हे औषध २० ते ४० ग्रॅमच लागतं. असर एक-दोन आठवडे. तेवढ्यात एक चांगला पाऊस किंवा एक पाणी मिळालं तर युरिया न फुटताच खाली मुळांपाशी उतरतो, कारण युरियाला स्वतःला प्रभार नाही, पाण्याबरोबर जातो. खाली जाऊन फुटला तर वरची माती त्याला धरते. आणखी एक आपल्या फायद्याचं, एनबीपीटी आम्ल जमिनीत लवकर मोडतं, आपल्यासारख्या अल्कलीत जास्त टिकतं. तोट्याचं असं की उष्णतेत साठवलं तर ताकद जाते, आणि पत्र्याच्या गोडाऊनमध्ये मे महिन्यात किती तापतं हे भुसावळच्या माणसाला सांगायला नको.

दुसरा प्रकार वेगळा. अमोनियम मातीत राहिलं तर नायट्रोसोमोनास सारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्रेट ऋण प्रभाराचं, मातीही ऋण, म्हणून ते पाण्याबरोबर निघून जातं, विहिरीत उतरतं, नाहीतर पावसाळ्यात शेत तुंबलं की हवा न मिळालेले जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड करून सोडतात, जो वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या देशातल्या पहिल्या पंधरा जिल्ह्यांमध्ये जळगावचं नाव आहे, शेजारचं बुलढाणा पण. ह्यात खताबरोबर सांडपाणी आणि गोठेही धरावे लागतात, सगळं पाप युरियाचं नाही. तर ही पायरी हळू करणारी औषधं म्हणजे डीसीडी, नायट्रापायरिन, डीएमपीपी, आणि आपला निंब. पूर्वीपासून शिफारस आहे, पाच किलो युरियाला एक किलो निंबोळी पेंड चोळून टाका.

आता इथे लोकांची फसगत होते. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निमकोटेड, म्हणजे निंबाचं तेल लावलेला आहे, म्हणून वाटतं झालं की, वाचलं नत्र. पण निंबाचा मुख्य असर दुसऱ्या पायरीवर. पहिली पायरी, म्हणजे अमोनिया उडणं, त्यानं फारशी अडत नाही. उलट दुसरी पायरी अडवली की अमोनियम जास्त दिवस अमोनियमच राहतं, आणि ते जर चुनखडीच्या जमिनीवर वरच पडलेलं असेल तर उडायला अजून वेळ मिळतो. निमकोटिंगचा मोठा उपयोग झाला तो प्लायवूडच्या डिंकाकडे आणि इतर कारखान्यांकडे पळणारा स्वस्त युरिया रोखायला, तो वेगळा विषय. म्हणजे देशानं जे कुलूप लावलं ते आपल्या भागात ज्या दारानं जास्त चोरी होते त्या दाराला नाहीच.

हवेतली आश्वासनं वेगळीच. २०२१ ला नॅनो युरियाची बाटली आली तेव्हा अर्धा लिटरची एक बाटली म्हणजे एक गोणी असं सांगितलं गेलं. तेव्हाच्या त्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे वीस किलो ७०० ग्रॅम. हजारपट फरक नॅनो ह्या नावानं भरून निघत नसतो, पीक प्रोटीन बनवताना नत्राचे अणू मोजून घेतं. आणि विजा चमकल्या की आभाळातून युरिया पडतो म्हणणाऱ्या आप्पांनाही सांगतो, पडतं खरंच थोडं नत्र, पण हेक्टरी वर्षाला मोजके किलो. पहिल्या पावसानंतर पीक हिरवं दिसतं ते बरंचसं मातीतलंच नत्र ओल मिळाल्यानं मोकळं झाल्यामुळे.

मग एवढं चांगलं औषध आहे तर आपल्याकडे खपत का नाही? हिशोब करा. गोणी २६६ रुपये ५० पैशाला. वीस टक्के नत्र उडालं तर माझं नुकसान ५३ रुपये. त्यासाठी कोण शंभराची पुडी घेणार? आणि बऱ्याच प्रयोगांची सरासरी काढली तर अशा औषधानं उडणारा अमोनिया निम्म्यावर येतो पण उत्पादन वाढतं पाचेक टक्के. निम्मा युरिया वाचतो हा काउंटरवरचा शोध. आता तीच गोणी सरकारला दोन हजाराच्या वर पडते, म्हणजे हवेत उडालेल्या वीस टक्क्यात सरकारचे चारशे गेले. ह्या मालाचं खरं गिऱ्हाईक शेतकरी नाहीच, सरकार आहे. बाहेर बघा, जर्मनीत २०२० पासून नियमच आहे, युरिया एकतर असं औषध लावलेला वापरा नाहीतर चार तासात मातीत गाडा. तिथे मागणी कायद्यानं आली. अमेरिकेत शेतकरी बाजारभावानं खत घेतो, २०२२ ला जगात युरिया टनाला ९०० डॉलरच्या वर गेला तेव्हा असल्या औषधांना आपोआप ऐकणारे मिळतात, भाव पडले की विसरतात. आणि कायदा उलटाही फिरतो, न्यूझीलंडमध्ये कुरणावर मारलेल्या डीसीडीचा अंश दुधात सापडला, धोक्याच्या पातळीचा नव्हता तरी २०१३ च्या जानेवारीत विक्री थांबवली. दूध निर्यात करणारा देश, काय करणार.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र हा हिशोब बिघडवते. जुलैत पाऊस उघडला, वाफसा झाला की सगळ्यांना एकाच आठवड्यात युरिया हवा असतो, रांगा लागतात, वरून लिंकिंग, ही दोन बाटल्या घ्या तर गोणी मिळेल. तेव्हा उडालेल्या गोणीची किंमत २६६ राहत नाही. म्हणून मला वाटतं खानदेशात मागणी आलीच तर ती टंचाईतून येईल, स्वस्त-महागाच्या हिशोबातून नाही.

पण सगळ्यांना गरजही नाही. रावेर, यावलची केळी ठिबकवर, युरिया पाण्याबरोबर थेट मुळाशी जातो, तिथे पहिल्या प्रकारची पुडी म्हणजे पैसे वाया. केळीच्या वाळल्या पानांच्या थरावर हातानं फेकत असाल तर गोष्ट वेगळी, पाल्यावर युरिएज भरपूर असतं, नुकसान जास्त. कोरडवाहू कपाशीत झाडाभोवती बांगडी करून टाकून मातीनं झाकलं, किंवा टाकल्याबरोबर कोळपं मारलं, तर पुडीचं बरंचसं काम फुकटात होतं, पाच सेंटीमीटर माती खूप झाली. रब्बी मक्याला वरून फेकून लगेच पाणी सोडता येत असेल तरी चालतं, अर्धवट नाही, जमीन चांगली भिजेल इतकं. अडचण तिथे आहे जिथे फेकून झालं आणि लाईट रात्री आलीच नाही, दाणे दवावर विरघळले, चार दिवस तसेच. अशा शेतकऱ्याला हे औषध खरंच उपयोगाचं आहे, फक्त पुडीवर एनबीपीटी किंवा जे असेल त्या घटकाचं नाव आणि टक्के छापलेले बघा, नुसतं "नत्र लॉक पॉवर" लिहिलेलं असेल तर दुकानदारालाच परत द्या.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या, दोन्हीत आपल्या शेतातली ओलसर माती. एकीत चमचाभर युरिया वर पसरा, दुसरीत तेवढाच खाली घालून वर चार बोटं माती दाबा. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद पुन्हा ओला करून दोन्ही झाकणांना आतून चिकटवा. रोज बघा कुठला कागद आधी लालसर पडतो आणि किती दिवसांनी. घाई असेल तर पहिल्या बरणीत कच्च्या सोयाबीनचं पीठ चिमूटभर टाका, मग फार वाट बघावी लागत नाही. आणि झाकण उघडताना तोंड लांब ठेवा.